ताप कधी आला आणि त्याआधी तुम्ही कुठे होतात?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याला, सगळी भाऊबंदकी जमावी लागते. म्हणून सुरतेचं उधना-लिंबायत असो की पुण्याकडचं चाकण-भोसरी, पोटासाठी बाहेर गेलेली माणसं या दिवसांत गावाकडे निघतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशा एकेका स्टेशनवर सुरत-भुसावळ मार्गाच्या गाड्या रिकाम्या होत जातात. डेंग्यू-चिकुनगुन्याचा जोरही याच महिन्यांत वाढत असतो. घरी पोहोचेपर्यंत माणूस ठणठणीत असतो. रोट होतात, कानबाईचं विसर्जन होतं आणि दोन-तीन दिवसांनी अंग मोडून ताप भरतो. घरचे म्हणतात, पाणी बदललं, जागरण झालं. डॉक्टर विचारतात, ताप कधीपासून? आपण सांगतो, कालपासून. सुरतेहून आलो हे सांगायचं मनातही येत नाही. सुरत म्हणजे आपलंच दुसरं घर, त्याला प्रवास कोण म्हणतं?

वैद्यकशास्त्र म्हणतं. डासांमार्फत पसरणारे विषाणू ओळखायचे असतील तर दोन तारखा हाताशी असाव्याच लागतात. बाहेरगावाहून तुम्ही कधी निघालात ती पहिली, आणि अंगात पहिल्यांदा ताप भरला ती दुसरी. या दोन तारखा कळल्या की कोणती तपासणी करायची, ती आज करायची की दोन दिवसांनी, आणि आलेल्या रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा, हे डॉक्टरला ठरवता येतं. त्या नसतील तर उत्तम लॅबचा रिपोर्टही दिशाभूल करू शकतो.

चाव्यापासून तापापर्यंत

डास चावला की त्याच रात्री ताप येत नाही. विषाणूला शरीरात वाढायला वेळ लागतो आणि त्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. डेंग्यूत हा काळ बहुधा ४ ते १० दिवसांचा असतो, जास्तीत जास्त १४. चिकुनगुन्यात बहुतेकांना ३ ते ७ दिवसांत ताप येतो. झिकाला ३ ते १४ दिवस लागतात, पीतज्वराला ३ ते ६, जपानी मेंदूज्वराला ५ ते १५.

या आकड्यांवरून डॉक्टर उलटं मोजत जातात. लिंबायतहून रविवारी आलेल्या माणसाला बुधवारी डेंग्यूचा ताप भरला, तर चावा जवळपास नक्की सुरतेतला. तोच ताप गावी आल्यावर विसाव्या दिवशी भरला, तर सुरतेचा संबंध संपला आणि चावा इथलाच. म्हणजे विषाणू आपल्याच गल्लीत फिरतो आहे. रुग्णाचा उपचार दोन्हींत सारखाच राहील. पण डासांच्या अळ्या कुठे शोधायच्या आणि कोणत्या वस्तीला सावध करायचं, हे त्यावरच ठरतं.

जर्मनी-जपानसारख्या देशांत हे काम त्या मानाने सोपं. तिथे डेंग्यूचा रुग्ण सापडला की तो बहुधा बाहेरून आलेला असतो. आपल्याकडे डेंग्यू सुरतेतही आहे आणि शिरपूर-चोपड्यातही. म्हणूनच आपल्याला तारखांचा हिशेब त्यांच्याहून काटेकोर ठेवावा लागतो.

विषाणूंकडे वळण्याआधी मलेरियाचं बोलायलाच हवं. मलेरिया विषाणूमुळे होत नाही, तो परजीवीमुळे होतो आणि त्याचा डासही वेगळा. तरी बाहेरगावाहून आलेल्या माणसाला ताप असेल, तर पहिली तपासणी मलेरियाची, हा नियम जगभर पाळला जातो. कारण सरळ आहे. मलेरियावर हमखास औषध आहे आणि फाल्सिपेरम जातीच्या मलेरियात उशीर जिवावर बेततो. माणूस गडचिरोली, ओडिशा किंवा आफ्रिकेतून आला असेल, तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नये, १२ ते २४ तासांनी रक्त पुन्हा तपासावं. चौदा दिवसांचं गणितही इथे लागू होत नाही. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दबा धरून बसतो आणि कित्येक महिन्यांनी डोकं वर काढतो.

त्या दिवशी रक्तात काय सापडतं

‘डॉक्टर, डेंग्यूचं कार्ड करून टाका,’ असं आपण सहज म्हणतो. पण डेंग्यूची तपासणी एकच नसते. दोन-तीन तऱ्हांच्या तपासण्या असतात आणि प्रत्येक जण रक्तात वेगळी गोष्ट शोधते.

सातपुड्याच्या पायथ्याला मक्यात रानडुक्कर शिरतं तेव्हा काय होतं ते आठवा. पहिल्या रात्री जनावर स्वतः शेतात असतं. त्याने तुडवलेली, ताजी मोडलेली ताटं आजूबाजूला पडलेली असतात. जागलीला माणसं येतात ती नंतर, नुकसान कळल्यावर. डुक्कर निघून गेलं तरी जागल पुढे कितीतरी रात्री चालू राहते. आरटी-पीसीआर ही तपासणी जनावरालाच शोधते, म्हणजे विषाणूचा जनुकीय धागा. एनएस-१ तपासणी ताज्या खुणा शोधते. एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन, बाधित पेशींतून ते रक्तात झरतं. आयजीएम तपासणी जागल्यांना शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं.

विषाणू रक्तात असतो तो तापाच्या साधारण पहिल्या पाच दिवसांत, फार तर आठवडाभर. आयजीएम प्रतिपिंडं दिसू लागतात चौथ्या-पाचव्या दिवसापासून. त्यामुळे आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियमही असाच आहे: पाचव्या दिवसापर्यंत एनएस-१, त्यानंतर आयजीएम. दिवस मोजायचे ते ताप पहिल्यांदा भरला त्या दिवसापासून. दवाखान्यात गेलो तो पहिला दिवस धरून चालत नाही, आणि नेमकी तीच चूक सर्रास होते. तीन दिवस घरी क्रोसिनवर काढलेले असतात, मेडिकलवरून गोळ्या आणलेल्या असतात, आणि केसपेपरवर लिहिलं जातं ‘ताप, एक दिवस’.

मग काय होतं बघा. दुसऱ्या दिवशी कोणी फक्त आयजीएम केली, निगेटिव्ह आली, आणि घरच्यांना सांगितलं की डेंग्यू नाही. आठव्या दिवशी कोणी फक्त एनएस-१ केली, तीही निगेटिव्ह, पुन्हा तेच उत्तर. दोन्ही वेळा लॅबने काम बरोबर केलं. चुकला तो दिवस. आपल्या भागातल्या तापाच्या रिपोर्टांबद्दल मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट सलते. पैसे खर्च होतात, रक्त काढलं जातं, कागदावर उत्तर येतं आणि ते उत्तर भलत्याच प्रश्नाचं असतं.

चौथा-पाचवा दिवस हा सांध्याचा. तेव्हा विषाणू कमी होत असतो आणि प्रतिपिंडं जेमतेम वर येत असतात. अशा वेळी एनएस-१ आणि आयजीएम दोन्ही एकत्र करणं शहाणपणाचं.

बोटभर लांबीचं ते झटपट कार्ड पंधरा-वीस मिनिटांत रेघ दाखवतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण कंपनीगणिक त्याचा भरवसा बदलतो. डेंग्यू पक्का ठरवायचा तर सरकारी कार्यक्रम एलायझा या लॅबमध्ये होणाऱ्या पद्धतीची तपासणी मागतो. देशभरच्या सरकारी निगराणी केंद्रांना डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या आयजीएम तपासणीचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून जातात. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गेलेला तुमचा नमुना बहुतेक वेळा याच किटवर तपासला जातो आणि त्याचे पैसे पडत नाहीत, हे फार जणांना ठाऊक नसतं.

निगेटिव्ह फसवतं, तसंच पॉझिटिव्हही

आयजीएम प्रतिपिंडं एकदा आली की दोन-तीन महिने रक्तात राहू शकतात. समजा, ज्येष्ठात सुरतेत कोणाला हलका ताप येऊन गेला. तो डेंग्यू होता, पण दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून तपासलाच नाही. श्रावणात गावी आल्यावर त्याला पुन्हा ताप भरला आणि आयजीएम पॉझिटिव्ह आली. सगळे म्हणणार, डेंग्यू. पण हा ताप टायफॉइडचा असू शकतो, लेप्टोचा असू शकतो, शेतात गवत काढताना चावलेल्या बारीक किड्यामुळे होणाऱ्या स्क्रब टायफसचाही असू शकतो. या तिन्हींवर प्रतिजैविकं लागतात आणि डेंग्यूचा शिक्का बसला की ती द्यायची राहून जातात. आधीच्या दोन-तीन महिन्यांत ताप येऊन गेला होता का, हा प्रश्न त्यासाठीच असतो. खात्री करायची असेल तर पहिल्या नमुन्यानंतर दहा-चौदा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडं किती वाढली ते पाहतात. ती चौपट किंवा त्याहून जास्त वाढली असतील, तर संसर्ग ताजा. अडचण एवढीच की तोवर माणूस बरा होऊन कामावर गेलेला असतो आणि दुसरं रक्त द्यायला येतच नाही.

दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांचं गणित आणखी वेगळं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून मिळत नाही. उलट दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं आधीपासून असतात, ती एनएस-१ला चिकटून बसतात आणि तपासणीला ते प्रथिन सापडत नाही. आयजीएमही कमी उठते. वर्षानुवर्षं मोठ्या शहरात राहिलेल्या माणसाला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेला असण्याची शक्यता बरीच. म्हणजे ज्याला जास्त धोका, त्याचाच रिपोर्ट निगेटिव्ह येण्याची शक्यता अधिक. ‘मागे डेंग्यू झाला होता का?’ याचं उत्तर डॉक्टरांनी विचारण्याआधी स्वतःहून सांगा.

आणि एकाच कुळातले विषाणू एकमेकांसारखे दिसतात. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, पीतज्वर, वेस्ट नाइल हे सगळे एका कुळातले. एकासाठी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याच्या तपासणीतही रेघ उमटवतात. लसीचंही तसंच. पीतज्वराची किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतलेल्या माणसाची डेंग्यूची प्रतिपिंड तपासणी गोंधळात टाकू शकते, म्हणून घेतलेल्या लसीही सांगाव्या लागतात. चिकुनगुन्या वेगळ्या कुळातला, त्याची या मंडळींशी फारशी गल्लत होत नाही. गल्लत सोडवायची शेवटची तपासणी म्हणजे रुग्णाचं रक्तद्रव आणि जिवंत विषाणू एकत्र करून, पेशींच्या थरावर कोणता विषाणू निष्प्रभ होतो ते पाहणं. तिला बरेच दिवस लागतात आणि ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते.

पीसीआरमध्ये हा घोळ नसतो. एकाच नळीत डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका तिन्ही शोधणाऱ्या पीसीआर तपासण्या आता आहेत. त्यांची गरज का, ते पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातलं बेलसर सांगेल. जुलै २०२१ मध्ये त्या गावात तापाची साथ होती. तपासल्यावर चिकुनगुन्याचे रुग्ण निघाले, डेंग्यूचेही निघाले आणि महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्णही तिथेच सापडला. त्या महिलेला झिकासोबत चिकुनगुन्याही झालेला होता. एका गावात, एका महिन्यात तीन विषाणू, आणि तिघांचीही सुरुवात ताप, अंगदुखी आणि पुरळानेच.

पीसीआरला मात्र रक्त लवकर घ्यावं लागतं आणि ते थंड ठेवावं लागतं. विषाणूचा जनुकीय धागा नाजूक असतो, उन्हात राहिलेल्या नमुन्यात तो तुटून जातो. अक्कलकुवा-धडगावच्या एखाद्या पाड्यावरून निघालेला नमुना बर्फाच्या डब्यात, २ ते ८ अंशांत, लॅबपर्यंत पोहोचवणारा कर्मचारी या सगळ्या साखळीतला फार महत्त्वाचा माणूस आहे. त्याचं नाव रिपोर्टवर कधीच येत नाही.

कुठून आलात, यावर काय शोधायचं ते ठरतं

सुरत, मुंबई, पुणे, नाशिक इथून आलेल्यांत पहिला संशय डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा. दोन्ही एडिस डासामुळे पसरतात. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. चिकुनगुन्या ओळखू येतो तो सांध्यांवरून. मनगटं, घोटे, बोटांची पेरं इतकी धरतात की सकाळी चहाचा कप उचलवत नाही. महाराष्ट्राला तो नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो देशात जणू नाहीसाच झाला आणि २००५-०६ मध्ये परतला तो लाखो लोकांना आडवं करत. एका पिढीच्या डॉक्टरांनी तो पाहिलेलाच नव्हता, म्हणून सुरुवातीला ओळखायलाही वेळ गेला.

झिका बहुतेकांना काहीच करत नाही. दहांपैकी आठ जणांना लक्षणंच नसतात. धोका असतो तो गर्भातल्या बाळाला, त्याच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. त्यामुळे झिकाचे रुग्ण असलेल्या भागातून नवरा आला असेल आणि बायको गरोदर असेल, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, त्यात संकोच नको. झिकाचा विषाणू रक्तापेक्षा लघवीत जास्त दिवस सापडतो, म्हणून त्याच्या तपासणीत रक्तासोबत लघवीचा नमुनाही घेतात.

आसाम किंवा गोरखपूरच्या बाजूने आलेल्या जवानाला किंवा मजुराला ताप आहे, त्यात डोकं प्रचंड दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय, झटका आला, तर जपानी मेंदूज्वराचा विचार करावा लागतो. तो भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे होतो. ताप दिसेपर्यंत त्याचा विषाणू रक्तातून बहुधा गेलेला असतो, म्हणून पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात आयजीएम पाहतात. ‘पाठीतून पाणी काढू नका, माणूस अधू होतो’ ही भीती आपल्याकडे फार खोल आहे. ती खरी नाही. त्या तपासणीला नकार दिल्याने निदान लांबतं आणि नुकसान त्या लांबण्यातून होतं. गुजरातेतून आलेल्या लहान मुलात अचानक जोराचा ताप, झटके आणि बेशुद्धी काही तासांत दिसली, तर चांदीपुरा विषाणूही मनात ठेवावा लागतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात तो प्रथम सापडला. तो मुख्यतः भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीतून येतो. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने बालकांचे बळी घेतले.

नोकरीनिमित्त आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जाणाऱ्यांना पीतज्वराची लस घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. पीतज्वर भारतात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या प्रत्येक गावात आहे. म्हणूनच प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लोकांना तो छळ वाटतो, पण त्या सहा दिवसांमागे वर सांगितलेला ३ ते ६ दिवसांचाच हिशेब आहे.

एका पाहुण्याचा ताप

इटलीच्या ईशान्येला रावेन्ना प्रांतात नदीच्या दोन काठांवर कास्तिल्योने नावाची दोन जुळी खेडी आहेत. २००७ च्या उन्हाळ्यात केरळहून एक माणूस तिथल्या नातेवाइकांकडे आला आणि त्याला ताप भरला. तो चिकुनगुन्या होता. तिथल्या घरांभोवती एडिसचाच भाऊबंद असलेला वाघ्या डास मुबलक होता. ऑगस्टपर्यंत गावकरी एकामागून एक सांधे धरून अंथरुणाला खिळले. साथ आटोक्यात येईपर्यंत २०० हून अधिक रुग्ण झाले होते. समशीतोष्ण युरोपात चिकुनगुन्याची ही पहिली साथ, एका माणसाच्या न ओळखलेल्या तापापासून सुरू झालेली.

याच्या उलट गोष्ट जपानची. २०१३ साली जपान फिरून बर्लिनला परतलेल्या एका जर्मन प्रवासी महिलेला डेंग्यू निघाला. जपानात तर सत्तरेक वर्षांत स्थानिक डेंग्यू नोंदलाच गेला नव्हता. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, टोकियोच्या योयोगी उद्यानाभोवती डेंग्यूची साथ आली आणि दीडशेहून अधिक लोक आजारी पडले. जपानला स्वतःच्या घरात न दिसलेली गोष्ट एका परतलेल्या प्रवाशाच्या रक्ताने वर्षभर आधीच सांगितली होती.

म्हणजे परतलेला प्रवासी दोन्हीकडची बातमी घेऊन येतो. प्रवाशांच्या आजारांवर नजर ठेवणारं जिओसेंटिनेल हे जाळं १९९५ पासून हेच काम करतं. कोणत्या देशातून आलेल्याला काय झालं याच्या नोंदी जुळवून कुठे काय शिजतंय ते ओळखायचं. आपल्याकडे सुरत-खान्देश या रोजच्या ये-जा करणाऱ्या वाटेवर ही नोंद हरवते, आणि हरवण्याचं कारण अगदी साधं असतं. आधार कार्डावर पत्ता गावचा असतो, लॅबच्या फॉर्मवर तोच उतरवला जातो, आणि लिंबायतच्या एखाद्या गल्लीतला डेंग्यू पारोळा तालुक्याच्या खात्यावर मांडला जातो. गावात फवारणी होते, डास मात्र तिकडे तसेच राहतात. रक्त देताना दोन्ही पत्ते सांगा. फॉर्मवर जागा नसेल तर आशाताईंना किंवा आरोग्य सेवकाला सांगा. डेंग्यूचा रुग्ण सरकारला कळवण्याची जबाबदारी खासगी डॉक्टर-लॅबचीही आहे, त्यांनाही दोन्ही पत्ते द्या.

गावासाठीही हा ताप महत्त्वाचा आहे. तापाच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढचे साधारण पाच दिवस विषाणू रक्तात असतो. त्या काळात गावातला एडिस त्या माणसाला चावला, तर विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत यायला ८ ते १२ दिवस जातात. मग ती मादी मरेपर्यंत विषाणू पसरवत राहते. ती लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या टापूतच तिचं आयुष्य जातं. तिने चावा घेतल्यावर पुढच्याला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. सगळं मिळून दोन ते चार आठवडे. कानबाईला आलेल्या पाहुण्याचा ताप पोळ्याच्या किंवा गणपतीच्या सुमारास शेजारच्या चार घरांत दिसतो. तोवर पाहुणा सुरतेला परत गेलेला असतो आणि दोन्हींचा संबंध कोणी लावत नाही.

त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला ताप असेल, तर पहिले पाच-सहा दिवस त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. लोक रात्री मच्छरदाणी लावतात आणि दुपारी पडवीत खाटेवर उघडं झोपू देतात, एडिसला तेच हवं असतं. आणि त्याच आठवड्यात घरातलं साठवणीचं पाणी बघा. आपल्याकडे कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हौद, रांजण, ड्रम भरून ठेवण्याला इलाज नाही. झाकण बसत नसेल तर जुनं धोतर बांधा. उन्हाळा संपल्यावर कोपऱ्यात सरकवलेल्या कूलरची टाकी पुरती रिकामी करा. भांडं नुसतं उपडं करून भागत नाही, आतली कड घासावी लागते. एडिसची अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.

रिपोर्ट येण्याआधी

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका यांपैकी कशावरही विषाणू मारणारं औषध आज नाही, म्हणून उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत. भरपूर पाणी, ओआरएस, भाताची पेज, तापासाठी पॅरासिटामॉल आणि रोज किंवा एक दिवसाआड रक्ताची साधी तपासणी. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. सांधे धरलेला माणूस ‘अंगदुखीची सुई द्या’ म्हणून हटून बसतो, ती सुई बहुधा डायक्लोफिनॅकचीच असते.

पेशी किती झाल्या, एवढंच सगळे विचारतात आणि पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. प्लेटलेट कमी होणं ही काळजीची गोष्ट आहेच, पण डेंग्यूत माणूस जास्त करून दगावतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने. त्याची खूण त्याच रिपोर्टवर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही या ओळीत असते. प्लेटलेट उतरताहेत आणि हा आकडा चढतोय, म्हणजे रक्त घट्ट होतंय. डॉक्टरांना हा आकडाही विचारा.

हे झिरपणं सुरू होतं ते तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरायला लागतो तेव्हा, आणि ते एक-दोन दिवस टिकतं. ताप गेला म्हणून सगळे सुटकेचा श्वास घेतात, पण सर्वांत जपायचे दिवस ते हेच. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, माणूस गळून जाणं किंवा उगाच अस्वस्थ होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच घडीला मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि आपल्या माणसांची अडचण नेमकी याच दिवशी असते. कानबाईसाठी मिळालेली सुट्टी संपलेली असते, लूमवर खाडा पडला की पगार कापला जातो, सकाळी अंग गार लागतं, आणि माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय, निघतो. नंदुरबारच्या पुढे नवापूर-सोनगडच्या पट्ट्यात गाडीत त्याचा रक्तदाब उतरला तर पुढच्या स्टेशनवर सलाईन लावणारं कोणी नसतं. ताप पूर्ण उतरल्यापासून दोन दिवस त्याला घरी ठेवा, त्या दोन दिवसांत एकदा रक्त तपासा आणि मगच तिकीट काढा.